न पिकवलेली गाडी

माझ्या सासूबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. आपलं इस्त्रीचं दुकान बंद करून, ती जड लोखंडी इस्त्री तेवढी बरोबर घेऊन त्या आल्या आणि पहिल्याच दिवशी माझे सगळे शर्ट कडक करून ठेवले. ट्रक चालवणाऱ्याला कडक शर्टाचा काय उपयोग, असं मी म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "शर्ट कडक असला की माणूस निदान सरळ बसतो, जावई." तेव्हा मी एकेचाळीस वर्षांचा होतो आणि अकरा वर्षं एकाच मालकिणीची एकच निळी गाडी चालवत होतो.

मालकीणबाईंच्या आवारात बावीस गाड्या होत्या, तीन रांगांत. पुढच्या दोन रांगा चालत्या गाड्यांच्या. कुंपणाला लागून होती ती विकायच्या गाड्यांची, तिला सगळे शेवटची रांग म्हणत. बाईंचा नियम सरळ होता. ज्या गाडीचं इंजिन दोनदा खोलावं लागलं ती शेवटच्या रांगेत जायची, आणि ज्यानं ती चालवली त्याला ती विकत घ्यायचा पहिला हक्क. तो नको म्हणाला तरच बाहेरचं गिऱ्हाईक. नवरा गेल्यावर धंदा एकटीनं सांभाळताना हा नियम त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केला होता. गाडी उद्या आपलीच होणार आहे म्हटल्यावर ड्रायव्हर ती जपून चालवेल, असं त्यांना वाटलं होतं.

झालं उलटं. गाडी धडधाकट आहे तोवर ती विकायला निघत नाही, हे ड्रायव्हर मंडळींच्या लवकरच ध्यानात आलं. मग ज्याला स्वतःचा धंदा करायचा असे, तो गाडी पिकवायला घेई. पिकवणं हा आमच्या आवारातलाच शब्द. ऑइल बदलायला महिनाभर उशीर करायचा. चढावर वरच्या गिअरमध्येच रेटायची. थंड इंजिन चालू केल्या केल्या पळवायचं, आणि लांबून आल्यावर तापलेलं इंजिन एकदम बंद करायचं. अपघात नाही, मोडतोड नाही, कुणी बोट दाखवावं असं काहीच नाही. पाच-सहा वर्षांत गाडी पिकायची, शेवटच्या रांगेत जायची आणि ड्रायव्हर ती स्वस्तात घ्यायचा. त्यानंतरची दोन वर्षं आपणच लावलेली दुखणी निस्तरण्यात जायची, ते वेगळं.

मला पिकवता येत नव्हती. मी काही साधुसंत नाही. एकदा मनाशी ठरवून ऑइल बदलणं पुढं ढकललं, तर तीन दिवस माझंच पोट बिघडलं. चौथ्या दिवशी गुपचूप जाऊन ऑइल बदललं आणि घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवलो.

त्यातून मी वाहायचो काचा. दार-खिडक्यांच्या मोठाल्या काचा लाकडी घोड्यांवर, म्हणजे तिरक्या चौकटींवर, उभ्या करून, मध्ये रबराच्या पट्ट्या घालून, वरून दोरानं आवळून न्यायच्या असतात. काच नेताना गाडी पिकवायला गेलात तर आधी काच पिकते. रस्त्यावरच्या उंचवट्यावर पुढची दोन्ही चाकं एकदम चढवावी लागतात. बाकीचे ड्रायव्हर तिरकी घालतात, कारण धक्का कमी बसतो. पण तिरकी घातली की गाडीचा सांगाडा पिळतो, आणि पीळ काचेला सोसत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या महिन्यात एक काच माझ्या हातून तडकली आणि ती का तडकली याचा मी आठवडाभर विचार केला, एवढंच. त्यानंतर अकरा वर्षांत दुसरी तडकली नाही.

त्यामुळं माझ्या बरोबरीचे तिघे जण मालक झाले आणि मी निळी गाडी पुसत राहिलो. तिचं इंजिन दोनदा सोडा, एकदाही खोललं नव्हतं. आमच्यात एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण तो कुजबुजला तरी दोन रांगा पलीकडं ऐकू जाई. तो मला पाहिलं की म्हणायचा, "काय रे, तुझी नवरी अजून माहेरीच का?"

त्या वर्षी काच कारखान्यात माल भरून घेणाऱ्या मुकादमानं मला बाजूला घेतलं. कारखान्याचे साहेब तडकलेल्या काचांना कंटाळले होते. माझी गाडी सोडली तर दर फेरीला ड्रायव्हर नवा, आणि काच फुटली की तो मालकाकडं बोट दाखवणार, मालक त्याच्याकडं. म्हणून नव्या वर्षापासून जो स्वतःची गाडी स्वतः चालवतो त्यालाच थेट माल द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. जागा एकच होती. मुकादमानं माझं नाव सुचवलं होतं आणि साहेबांनी मान हलवली होती. फक्त गाडी माझी हवी. दोन महिने होते. तोवर माझी गाडी फाटकाशी लागली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि तो दुसरा मुकादमाला अजिबात आवडत नव्हता. "काच आणि खडी यात फरक आहे हेच त्याला पटत नाही," मुकादम म्हणाला.

घरी येऊन सांगितलं. बायकोनं दहा वर्षं शिवणकामाच्या कारखान्यात जादा पाळ्या करून गाडीसाठी बाजूला टाकलं होतं, तिनं आणखी काय बोलायचं. बोलल्या सासूबाई. मी कशाची वाट बघतोय ते त्यांना समजून घ्यायचं होतं. मी नियम सांगितला, शेवटची रांग सांगितली, निळ्या गाडीवर माझा पहिला हक्क आहे तेही सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे तुम्ही ती मरायची वाट बघताय," त्या म्हणाल्या, "आणि रोज तिला औषधही वेळेवर देताय."

बायको हसू दाबायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी भोंग्याशी बोललो. म्हणजे अख्ख्या आवाराशीच बोललो म्हणा. त्यानं उपाय काढला. आमच्या फिटरला सगळे डॉक्टर म्हणत, कारण लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावून मूठ कानाशी धरून तो आतलं ऐकायचा. त्याचा शब्द बाई मानत. त्यानं एकदा सांगितलं की इंजिन आतून गेलंय, तर दोनदा खोलायची वाटही बाई बघणार नाहीत, असं भोंग्याचं म्हणणं. डॉक्टरला माझ्याबद्दल माया होती. तो म्हणाला की आजवर ड्रायव्हरांनी मुद्दाम लावलेली दुखणी आपोआप झालेली म्हणून सांगितली, आता एका निरोगी गाडीला दुखणं लावलं तर काय बिघडलं. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. गाडी त्याच्या दारात लावली आणि चहा प्यायला गेलो.

चहा संपायच्या आत डॉक्टरचा निरोप मिळून बाई आल्या. त्या ऑफिस सोडून फिटरच्या शेडमध्ये कधी येत नसत. साठीच्या बाई, पण एका झटक्यात केबिनमध्ये चढल्या आणि शेजारच्या सीटवर बसल्या. मला हाक मारून म्हणाल्या, "चालू कर."

मी चढलो आणि चालू केली. अकरा वर्षं जसा आवाज येत होता तसाच आला. डॉक्टर खाली उभा राहून आपल्या बुटांकडं बघत होता. भोंगा पहिल्यांदाच गप्प होता.

"डॉक्टर म्हणतो ही आतून गेलीय," बाई म्हणाल्या. "चालवलीस तू. तू सांग."

मला फक्त मान हलवायची होती. मान हलवली असती तर आठवड्याभरात ती गाडी माझी झाली असती. पण तो आवाज चालू होता, माझे हात चाकावर होते आणि त्या आवाजावर बसून तिला आजारी म्हणायला माझी जीभ उचलेना.

"बाई, हिला काहीही झालेलं नाही," मी म्हणालो. "अजून आठ वर्षं हिच्या इंजिनाला हात लावावा लागणार नाही. डॉक्टर माझ्यासाठी खोटं बोलला."

"तुझ्यासाठी का?"

"मला ही गाडी हवी आहे. मला माझा धंदा करायचा आहे."

बाईंनी पुढच्या काचेतून आवाराकडं बघितलं. "धडधाकट गाडी मी विकत नाही. विकायला मी काय वेडी आहे?"

त्या चुकीचं काही बोलत नव्हत्या. पण आठ वर्षं म्हणालो तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला होता. ती आठ वर्षं गाडीत नव्हतीच. ती वेळेवर घातलेल्या ऑइलात होती, निघण्याआधी पाच मिनिटं इंजिन गरम करण्यात होती, सरळ चढवलेल्या चाकांत होती. मी निघालो की तीही माझ्याबरोबर निघणार होती. अकरा वर्षं मी या लोखंडाची वाट बघत बसलो होतो.

"मग मी हिच्याशिवाय जातो," मी म्हणालो. "या महिनाअखेर माझी शेवटची फेरी."

"आणि माल कशावरून नेणार? डोक्यावरून?"

"शेवटच्या रांगेत लंगडी उभी आहे. ती द्या."

यावर बाई हसल्या. खाली भोंगाही हसला, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की लंगडी त्याचीच. त्यानंच ती पिकवली होती आणि इतकी पिकवली की शेवटी सडली. डाव्या अंगाचे मागचे स्प्रिंगचे पाटे मोडून ती एका बाजूला कलली होती, म्हणून लंगडी. आपला पहिला हक्क भोंग्यानं हात जोडून सोडून दिला होता. आठ महिने तिला विचारायला कुणी आलं नव्हतं.

"ती घे," बाई म्हणाल्या. "उद्या कागद करते."

डॉक्टरला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त त्याचा लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन गेल्या आणि आठवडाभर आपल्या टेबलावर ठेवला. तो आठवडा आमच्या आवारात सगळ्या गाड्या तब्येतीनं ठणठणीत होत्या.

दुसऱ्या दिवशी कारकुनानं कागद पुढं केला आणि अंगठ्याची शाई उघडली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. गिरवून सही यायची, तीही घाईत उलटी पडायची. आजवर मी कशावरही अंगठा दिला होता, कारण माल बाईंचा होता, गाडी बाईंची होती आणि चूक झाली तर तीही बाईंचीच. या कागदाखाली मात्र मी एकटाच होतो. उद्या देतो म्हणून मी तो घडी करून खिशात घातला. कारकून म्हणाला, "घरी नेऊन काय करणार? वास घेणार?"

सासूबाईंनी आधी कागदाची घडी इस्त्रीनं मोडली. मग चष्मा लावून मोठ्यानं वाचला. गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर, जशी आहे तशी विकली, पुढं कोणतीही तक्रार चालणार नाही. सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांचा आवाज हळू झाला. खालून चौथ्या ओळीत लिहिलं होतं की विकत घेणारा, विकणाऱ्याच्या कोणत्याही चालू गिऱ्हाइकाचा माल पुढची तीन वर्षं वाहणार नाही.

काच कारखाना बाईंचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक होतं.

बायकोनं हातातलं काम खाली ठेवलं. सासूबाईंनी ती ओळ मला चार वेळा वाचून दाखवली. ऐकलेलं मी विसरत नाही. वाचता न येणाऱ्याला विसरून चालत नाही. मग त्यांनी माझं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं, उचललं, परत ठेवायला लावलं. दोनदा माझं बोट पाचव्या ओळीवर गेलं.

"अकरा वर्षं काच फुटली नाही म्हणता," त्या म्हणाल्या, "आणि एक ओळ सापडत नाही?"

दहा वेळा बरोबर आलं तेव्हा त्यांनी मला जेवायला वाढू दिलं.

सकाळी मी कडक शर्ट घालून बाईंच्या ऑफिसात गेलो. कागद टेबलावर सपाट पसरला. कारकुनानं परत शाई उघडली. मी बोट खालून चौथ्या ओळीवर ठेवलं आणि ती ओळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणून दाखवली.

"एवढी ओळ खोडा," मी म्हणालो. "बाकी सगळं मान्य आहे."

कारकुनाच्या हातातली शाईची डबी तशीच राहिली. बाईंनी माझ्या बोटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुला वाचता कधीपासून येतं?"

"येत नाही. पण घरात वाचणारं माणूस आहे."

"कारखाना माझं गिऱ्हाईक आहे. माझ्या नवऱ्यानं जोडलेलं."

"हो. आणि गेल्या वर्षी तुमच्या किती गाड्यांतून काच फुटून गेली, ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या गाडीतून किती गेली?"

बाईंनी कागद आपल्याकडं ओढला.

"तुम्ही मला अडवलंत तरी कारखाना तुमच्याकडं थांबणार नाही, बाई. त्यांनी ठरवलंय. माल मी नेणार नाही तर दुसरा नेईल, आणि तो तिरकी घालतो."

बाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचा आवाज थांबेपर्यंत बाई थांबल्या. मग त्यांनी स्वतः पेन उचललं, ओळीवरून दोन रेघा मारल्या आणि कडेला सही केली. मला म्हणाल्या, "लंगडी घेऊन जा. रस्त्यात बंद पडली तर माझ्या माणसांना ढकलायला बोलवायचं नाही."

मी शाई बाजूला सारली आणि सही गिरवली. ती सरळ आली.

लंगडीला उभं करायला पाच आठवडे लागले. डॉक्टर रोज आपलं काम संपवून संध्याकाळी यायचा. खोटं बोलल्याची भरपाई करतोय असं म्हणायचा, पण खरं तर एवढी सडलेली गाडी त्यानं आधी बघितली नव्हती आणि त्याला तिची ओढ लागली होती. आम्ही मोडके पाटे काढून नवे घातले, इंजिन तळापासून खोललं, धुतलं, बांधलं. भोंगा एका रविवारी आला आणि आपण कुठं काय बिघडवलं ते एकेक करून सांगत बसला. त्यामुळं आमचा आठवडा वाचला. बायकोनं घोड्यांसाठी रबराच्या पट्ट्यांना कापडाच्या खोळी शिवल्या. सासूबाईंनी मला अक्षरं शिकवायला घेतलं. पहिलं अक्षर मी गाडीच्या धुळीत बोटानं काढलं. त्यांनी ते पुसून परत काढायला लावलं, त्यामुळं गाडीचं दार तेवढं स्वच्छ झालं.

मुदतीला चार दिवस उरले असताना मी लंगडी घेऊन कारखान्याच्या फाटकाशी लागलो. मुकादम बाहेर आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मी तुझं नाव दिलं होतं. हिचं नव्हतं दिलं." साहेब वरच्या खिडकीतून बघत होते. मुकादमानं अर्ध्याच घोड्या भरल्या आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन बसला. वाटेत अकरा उंचवटे होते. प्रत्येकाआधी त्यानं दाराची कडी पकडली आणि प्रत्येकानंतर सोडली. आठव्यानंतर त्यानं पकडणं थांबवलं. दहाव्याच्या वेळी तो मला आपल्या मेव्हण्याची तक्रार सांगत होता.

माल उतरवताना त्यानं प्रत्येक काचेच्या चारही कडांवरून अंगठा फिरवला. शेवटची काच भिंतीला लावली, हात झटकले आणि मला म्हणाला, "उद्या पूर्ण भरू."

परत येताना रिकामी गाडी मी नेहमीपेक्षा हळू चालवली. घाई नव्हती. कुणाला गाडी परत करायची नव्हती. आमच्या गल्लीत वळलो तेव्हा बायको, सासूबाई आणि माझ्या दोन्ही मुली दारात उभ्या होत्या. मी इंजिन बंद करायच्या आधी थोडा वेळ तसंच चालू ठेवलं, थंड होऊ दिलं, आणि मग खाली उतरून म्हणालो की उद्या पूर्ण भरणार आहेत. धाकटीनं गाडीच्या दाराला मिठी मारली आणि तिचा फ्रॉक काळा झाला. त्या दिवशी तिला कुणी रागावलं नाही.

निळी गाडी बाईंनी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. निगा थांबल्यावर सात महिन्यांत तिचं इंजिन दोनदा खोललं. ती शेवटच्या रांगेत आली आणि नव्या ड्रायव्हरनं ती नको म्हटली तेव्हा बाईंनी मला निरोप पाठवला. मी गेलो, तिचं दार उघडलं, आत बसलो, चालू केली. आवाज ओळखू आला नाही. खाली उतरून मी डॉक्टरला कुठं काय बघायचं ते सांगितलं. बाई निम्म्या भावात द्यायला तयार होत्या. मी म्हणालो की माझ्याकडं गाडी आहे.

शेवटच्या रांगेकडं बघून त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं मी उलटा नियम चालवला, आणि एकानंही सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर गाडी कुणाला मिळाली असती, बाई?"

पुढच्या सोमवारी त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना आवारात उभं केलं. त्या दिवसापासून ज्या गाडीचं इंजिन सात वर्षांत एकदाही खोलावं लागणार नाही, ती गाडी चालवणाऱ्याला मिळणार होती, पडत्या भावात, खालून चौथ्या ओळीशिवाय. भोंगा मला सांगत होता की दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या दोन्ही रांगांतल्या सगळ्या गाड्या एकाच वेळी पाच मिनिटं उभ्या राहून गरम होत होत्या आणि आवारात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. त्याचं मात्र ऐकू येत असणार. पुढं त्या नियमानं सहा जण मालक झाले. भोंगा त्यातला चौथा.

मालकीणबाई त्यानंतर नऊ वर्षांनी वारल्या, माझ्या थोरलीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, ऑफिसातल्या खुर्चीत बसल्या बसल्या. त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या.